धवलारणीची झाकली मूठ

खारेपाटात, म्हणजे अलिबाग-पेणकडच्या आमच्या खाडीकाठच्या पट्ट्यात, लग्नाला भटजी उशिरा आला तर कोणी हूं की चूं करत नाही, पण धवलारीण उशिरा आली तर सगळा मांडव अडून बसतो. धवलारीण म्हणजे गाण्यातून देवांना लग्नाला बोलावणारी बाई. तिनं गावदेवीपासून एकवीरेपर्यंत सगळ्यांना नावानं हाका मारल्या की देव मांडवात येऊन बसतात आणि मगच हळद लागते, असं आमच्याकडे मानतात. तुम्ही मानू नका, तुमची मर्जी.

पोयनाडच्या पुढे, खाडीच्या बांधाला टेकून असलेल्या गावात ठमाबाई ही अशी धवलारीण होती. तिनं तोंड उघडलं की लाउडस्पीकरवाला स्वतःहून माईक बंद करायचा. काय उपयोग त्या डब्याचा? नवरा जाऊन तिला बरीच वर्षं झाली होती, पण धवलारणीला ते कोणी विचारत नाही. एरवी विधवेला ओटीच्या कोपऱ्यात बसवणारी हीच माणसं ठमाबाईला मांडवात पहिला पाट द्यायची. एवढा मोठेपणा आहे हो आमच्यात. अट एकच, मांडवात उभी राहते त्या दिवशी बाई शिवायची नसावी. अंगावरून जात असलेल्या बाईनं हाक मारली तर देव उंबऱ्यावरूनच परत फिरतात म्हणे. ठमाबाईची पाळी जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती, तेव्हा तीही काळजी मिटलेली.

राही ही तिच्या भावाची पोर. आत्यानंच स्थळ बघून तिला या गावात दिली, आत्यानंच तिच्या लग्नात धवले म्हटले. पुढे राही गावची आशाताई झाली. गरोदर बायकांना गोळ्या, पोरांना डोस, म्हाताऱ्यांचं बीपी. स्कूटीवरून दिवसभर हिंडायची आणि कोणी ऐकलं नाही तर दारात उभी राहून भांडायची. कामाला वाघ बाई. त्या वर्षी दिवाळीनंतर वरून फर्मान आलं, की तीस वर्षांच्या पुढच्या सगळ्या बायकांची गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी करायची. उपकेंद्रात डॉक्टरीणबाई येणार, कापसानं औषध लावून बघणार, पांढरा डाग दिसला तर तिथल्या तिथे उपाय. कॅन्सर व्हायच्या आधीच त्याला गाठायचं, असा सगळा हिशेब.

आता सांगा, कोण बाई स्वतःहून जाणार? राहीनं घरोघरी घसा बसवला. कोणाची भात झोडणी होती, कोणाच्या सासूला आवडलं नव्हतं, कोणी नुसतीच पदर तोंडाला लावून हसत होती. शेवटी राही आत्याकडे गेली. ठमाबाई दुसऱ्या दिवशी सकाळी निघाली आणि एकेका ओटीवर जाऊन तिनं असं काही फैलावर घेतलं की विचारू नका. "दाखवायला लाज वाटतं ना? मग पोरं काय बाजारातशी आनलीस?" असं भर आळीत विचारल्यावर कोणती बाई घरात राहील? दुपारपर्यंत उपकेंद्राच्या व्हरांड्यात बसायला जागा उरली नाही.

त्या दिवशी रचनाच्या तपासणीत पांढरा डाग निघाला. रचना म्हणजे दोन पोरांची आई, पस्तिशीची, अंगानं धडधाकट, कसला त्रास नाही. डाग ऐकून ती रडायलाच लागली. ठमाबाईनं तिचा हात धरून तिला पुन्हा आत पाठवलं. डागाला थोड्या वेळाचा शेक दिला, डॉक्टरीणबाईंनी पुढच्या तपासणीची तारीख सांगितली, आणि रचना चालत घरी गेली. संध्याकाळी तिनं कालवण-भात रांधला. लवकर कळणं म्हणतात ते एवढंच असतं.

आणि ठमाबाई? ती व्हरांड्यात दुसऱ्यांची पोरं मांडीवर घेऊन बसली होती. राहीनं तिला आत बोलावलं तर म्हणाली, आपलं दुकान केव्हाच बंद झालंय, आता कुलूप उघडून काय बघायचंय? सगळ्या बायका हसल्या. राहीपण हसली. पाळी गेली म्हणजे पिशवी सुटली, असं सगळ्याच बायका धरून चालतात. राहीला ठाऊक होतं की तसं नसतं. पण दिवस कलला होता, डॉक्टरीणबाईंची गाडी दाराशी लागली होती, आणि आत्याला काय धाड भरणार होती?

खरं तर दसऱ्यापासून ठमाबाईच्या अंगावरून जात होतं.

सुरुवातीला थेंबभर. तिनं मनाशी धरलं की गेलेली पाळी परत आली, उतारवयात येते कधीकधी, एखाद्या महिन्यानं थांबेल. तेवढ्यात तुळशीचं लग्न झालं आणि घरी पहिला नारळ आला. आमच्याकडे नारळ देऊन धवलारणीला आमंत्रण देतात आणि घेतलेला नारळ धवलारणीनं परत करायचा नसतो. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागणार. कारण काय देणार? तिनं नारळ घेतला. मग दुसरा आला, तिसरा आला. कमरेला जाड कापड, वर गडद लाल लुगडं, आणि पिशवीत धूप. मांडवात उभं राहण्याआधी ती स्वतःच्या अंगावरून धूप फिरवायची. लोकांना वाटलं, ठमाबाई हल्ली फार सोवळी झाली.

माघात राहीच्या मृणालीचं लग्न झालं, पेणच्या बाजूला चांगल्या घरात दिलं. मृणाली म्हणजे राहीचा जीव की प्राण, एकुलती एक. हळदीला ठमाबाई अशी गायली की वराकडच्या बायकाही जागच्या उठल्या नाहीत. राहीच्या डोळ्यांचं पाणी खळेना.

शिमगा झाल्यावर एकदा राही आत्याच्या घरी सुक्या कोळंबीचे सोडे ठेवायला गेली. ठमाबाई चुलीपुढे बसली होती. घरात धूर भरलेला, आणि त्या धुरातही न लपणारा एक वास. राहीनं तो वास आधी एकदा घेतला होता, वरच्या आळीतल्या एका म्हातारीच्या खाटेपाशी. ती म्हातारी त्यानंतर दोन महिन्यांत गेली. राहीनं हातातलं भांडं खाली ठेवलं. तिनं दार लोटून घेतलं आणि आत्यापुढे बसून सरळ विचारलं, कधीपासून?

ठमाबाईनं आधी उडवून लावलं, मग चिडली. मग एकदम सगळं बोलून टाकलं. दसरा, नारळ, धूप, रात्रीची कंबर, सगळं. ऐकताना राही मनातल्या मनात महिने मोजत होती. तिनं सांगितलं, उद्याच्या उद्या अलिबागला मोठ्या इस्पितळात जायचं, हर्षदला मी आत्ता फोन करते. हर्षद म्हणजे ठमाबाईचा लेक. बंदरावर ट्रेलर चालवायचा आणि बायको पूनमबरोबर उलव्याला राहायचा.

ठमाबाईनं तिचं मनगट धरलं. मरणाची भीती तिला होती, नव्हती असं नाही. पण तिला त्याहून मोठी भीती वेगळीच होती. त्या मोसमात तिनं लावलेली सगळी लग्नं तिच्या डोळ्यांपुढे होती. दसऱ्यापासून जातंय असं एकदा गावात फुटलं की त्या सगळ्या पोरींच्या संसारावर बोट येणार. कोणाचं पोट राहिलं नाही, कोणाचा नवरा पिऊन पडला, कोणाच्या घरात म्हैस मेली, तरी सासू म्हणणार, लागली कुठे तुला नीट हळद, तुझ्या मांडवात देवच नव्हते! पोरींनी काय उत्तर द्यायचं?

"आते, असला विटाळ-बिटाळ काय नसतो," राही म्हणाली. हे वाक्य ती दर महिन्याला किशोरींच्या बैठकीत म्हणायची, पाठच होतं.

ठमाबाईनं तिच्याकडे बघितलं. "तुझे मृणालीचे हलदीला पन मी तशीच उभी होतू."

  पेणचं ते घर, कडक सासू, नवी कोरी सून, सगळं क्षणभर राहीच्या तोंडावर येऊन गेलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ना, तसं. ठमाबाई काय कमी वस्ताद होती? आयुष्यभर मांडवातल्या बायकांची तोंडं वाचलेली बाई.

"बघ," ती म्हणाली. रागानं नव्हे, अगदी मायेनं म्हणाली. "झाकली मूठ झाकलीच बरी, बाय."

मग तिनं राहीला मृणालीच्या गळ्याची शपथ घातली. घेतलेले नारळ पुरे होईपर्यंत कोणाला कळू द्यायचं नाही. राहीनं विनवण्या केल्या, पाया पडली, एकदा तर सरळ शिव्या दिल्या. शेवटी अक्षय्यतृतीयेनंतर जायचं ठरलं. हर्षदला काय सांगायचं? मोतीबिंदू दाखवायला नेतेय, असं. राहीसारख्या भांडखोर बाईनं हे कबूल केलं, याचं तिला पुढे स्वतःलाच नवल वाटायचं. पण इकडे आड, तिकडे विहीर. गावात बोलावं तर आत्या मोडणार आणि लेकीच्या संसाराला नख लागणार. न बोलावं तर आत्या मरणार. ती प्रत्येक लग्नाला आत्याबरोबर गेली, तिच्यामागे उभी राहिली, कापडं बदलायला आडोसा करून दिला. ज्या रोगाला लवकर गाठा म्हणून ती गावभर ओरडत होती, त्याला तीच स्वतःच्या पदराआड झाकत होती.

शेवटच्या मांडवात ठमाबाईला मधेच खाली बसावं लागलं. लोकांना वाटलं ऊन लागलं.

अलिबागच्या इस्पितळात राही तिला घेऊन सकाळच्या एसटीनं गेली. तिथली सगळी दारं राहीच्या ओळखीची. कुठे केसपेपर, कुठे रक्त, कुठल्या खिडकीपाशी नुसतं उभं राहून चालत नाही, विचारावं लागतं, सगळं ती इतरांसाठी कितीदा करून आलेली. तुकडा तपासायला घेतला. रिपोर्ट आला. मग मोठी सोनोग्राफी, मग नवी मुंबईच्या कॅन्सरच्या इस्पितळाची चिठ्ठी. कुठे कोणी हयगय केली नाही. डॉक्टर भली माणसं होती, आणि त्या भल्या माणसांनी राहीला बाजूला घेऊन सांगितलं, की गाठ पिशवीबाहेर पडून आजूबाजूला पसरलीय, एका मूत्रपिंडाची वाट दबलीय, ऑपरेशन होणार नाही. किरणांचा शेक देऊ, सलाईनमधून औषध देऊ, बघू. आणि शेवटी ते म्हणाले, जे कोणीही म्हणणारच होतं: "दिवाळीच्या सुमारास आणलं असतं तर."

राहीनं मान हलवली. दिवाळीच्या सुमारास आत्या उपकेंद्राच्या व्हरांड्यात, तपासणीच्या टेबलापासून चार पावलांवर बसली होती. हे कोणाला सांगणार?

आता हर्षदला कळवावंच लागलं. तो रडला, आईवर ओरडला, मग मुकाट आईला उलव्याला घेऊन गेला. रोजचा शेक सुरू झाला. पूनमनं सासूचं केलं, नाही असं नाही. पण पूनमनं आपल्या माहेरी फोनवर सांगितलं, की डॉक्टर म्हणतात आजार बराच जुना आहे, आणि पूनमचं माहेर पेणच्या बाजूला. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. इथे वाशांनी मुद्दाम काही केलं नाही, फक्त बोलणं इकडून तिकडे गेलं.

आषाढात एकदा राही आत्याला भेटायला वॉर्डात बसली होती. ठमाबाई खाटेवर पडून, सलाईन लावलेलं, अंग अर्धं झालेलं. आवाजही गेला होता, बोलली तर कान जवळ न्यावा लागायचा. तेवढ्यात राहीच्या फोनवर मृणालीच्या सासूचा फोन आला. मृणालीला तिसरा महिना होता आणि मधे तिला थोडं डाग दिसल्यासारखं झालं होतं. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, बाळाचे ठोके नीट होते, घाबरण्यासारखं काही नव्हतं. हे सगळं राहीला आधीच माहीत होतं. विहीणबाई इकडचं तिकडचं बोलल्या, पावसाचं बोलल्या, ठमाबाईची तब्येत विचारली. आणि मग आवाज बारीक करून म्हणाल्या, "एक विचारते, राग नका मानू. आपल्या हळदीला त्यांना ते चालू होतं का हो? लोक काय काय बोलतात."

राहीनं खाटेकडे बघितलं. ठमाबाईचे डोळे उघडे होते.

म्हणता आलं असतं. होतं, विहीणबाई, आणि त्यानं काही बिघडत नाही. तो आजार होता, विटाळ नव्हता, आणि तो झाकला म्हणूनच माझी आते आज मरायला टेकली. राहीला शब्दन् शब्द येत होता. पण पलीकडे तिची लेक त्या बाईच्या घरात, त्या बाईच्या हातचं खाऊन पडून होती. उद्या काही कमीजास्त झालं तर?

"छे हो," राही म्हणाली. "तेव्हा काय पण नव्हतं. मोसम संपल्यावर अचानक सुरू झालं. एका महिन्यात सगळं."

विहीणबाईंनी सुटकेचा श्वास टाकला, तो फोनवर ऐकू आला. राहीनं फोन खाली ठेवला. तिला आत्याच्या तोंडाकडे बघवेना. ठमाबाईनं बोटांनी तिला जवळ बोलावलं, आणि राहीनं कान तिच्या तोंडाशी नेला.

"बेस केलंस," ठमाबाई म्हणाली.

राही ढसाढसा रडली. आत्यानं शिवी दिली असती तर तिला बरं वाटलं असतं.

शेक पुरा झाला, पण मूत्रपिंडं साथ देईनात. गौरी-गणपतीच्या आधी ठमाबाई गावी परत आली आणि स्वतःच्या घरात, स्वतःच्या अंथरुणावर गेली. अख्खं गाव मयताला आलं. तिनं लावलेल्या लग्नांतल्या कितीतरी पोरी सासरहून आल्या, मोकळ्या मनानं रडल्या. कोणाच्या मनात कसली शंका नव्हती. राहीनं सांगितलेलं पेणहून गावात पोचलं होतं, गावानं त्यात आपली भर घातली होती, आणि आता सगळ्यांना एकच गोष्ट पाठ होती: धडधाकट बाई, मोसमभर गायली, कसला त्रास नाही, आणि एका महिन्यात होत्याची नव्हती झाली. मृणालीचं पोट टिकलं. सासू तिला फुलासारखी जपत होती.

दिवाळीनंतर पुन्हा तपासणीची तारीख आली. राही घरोघरी फिरायला निघाली. रचना येणार होती, तिला तर यायचंच होतं; पण बाकीच्यांची गेल्या वर्षीची लाज गेली होती आणि तिच्या जागी आता दुसरंच काहीतरी आलं होतं. कोणी हसत नव्हतं. कोणी भांडतही नव्हतं. भांडल्या असत्या तर राहीला जमलं असतं. त्या नुसत्या दमल्यासारख्या बघायच्या आणि म्हणायच्या, नको बाई.

ठमाबाईची धाकटी जाऊ सत्यवती ओटीवर वाल सोलत बसली होती. पन्नाशीला आलेली, तीन पोरं वाढवलेली. राही तिच्याशेजारी टेकली, तिनं सगळं समजावलं, लवकर कळलं तर कसं चालत घरी येता येतं ते सांगितलं.

सत्यवतीनं वालाची साल बाजूला टाकली. "काय उपेग तपासून? वैनीला आदी काय होतं? काय पन नाय. येका महिन्यान झाला, तूच तं सांगलंस ना. मंग डागटरीन बघून बघून काय बघनार?"

राहीनं सुपातला एक वाल उचलून सोलला. मग तिनं विचारलं, "काकी, तुमाला काय तरास नाय ना? अंगावरून जातं का मधी?"

"मना? मना कशाला जातंय?" सत्यवती म्हणाली. फार पटकन म्हणाली, आणि वालाचं सूप उचलून मांडीवर घेतलं. लुगडं सावरलं.

राही तिच्याकडे बघत बसली.  कदाचित काही नसेलही. बायका असं विचारलं की अशाच बोलतात. किंवा असेल. ते कळायला सत्यवती टेबलावर यायला हवी होती, आणि तिला तिथे आणायला एकच वाक्य पुरलं असतं. वैनीला दसऱ्यापासून होतं, काकी, मी फोनवर खोटं बोलले. एवढंच. पण सत्यवतीला सांगितलेलं संध्याकाळपर्यंत पाणवठ्यावर जाणार आणि चार दिवसांत पेणला. मृणालीला सातवा लागला होता. पुढच्या आठवड्यात तिची ओटी भरायची होती, आणि विहीणबाईंनी गाव बोलावलं होतं.

"तरी पन या, काकी," राही म्हणाली. "जमला तं."

"बघू," सत्यवती म्हणाली.

राही उठली, चपला पायात सरकवल्या आणि शेजारच्या दाराकडे गेली. तिथेही तिला तेच ऐकावं लागणार होतं.